नकाशातून चालणाऱ्या ताई

डोंबिवलीत नकाशे छापून देणाऱ्या एक ताई आहेत. मोठ्या प्रिंटरमधून कागद बाहेर आला की त्या तो लगेच गुंडाळत नाहीत. "थांब रे, जरा चालून बघते," म्हणतात आणि दोन बोटांनी नकाशातल्या घरात शिरतात. दारातून आत, ओट्याला वळसा, मग बाल्कनी. एकदा त्यांची बोटं जिन्यावर थबकली. त्यांनी आर्किटेक्टना फोन लावला, "साहेब, वरच्या पायरीवर डोकं आपटतंय हो!" साहेबांनी मुकाट्याने नकाशा सुधारून पाठवला. या बाईंना कागदावरच्या भिंतीसुद्धा लागतात, असं मला वाटायला लागलं.

मी नांदेडकडचा, नववीतून शाळा सोडलेला. इथे फर्निचर बसवतो, त्याचे नकाशे ताईंकडूनच छापून नेतो. कॅड शिकून कॉम्प्युटरवर नकाशे काढावेत असं फार मनात होतं. पण क्लासला गेलो तर इंग्रजीपायी हसं होईल ही भीती, आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हाताला काही येईना. शेवटी ताईंना विचारलं. कितवी शिकलास, हे त्यांनी विचारलंच नाही.

"कमांड काय रे, कुठेही पाठ होतील. आधी यातून चाल," म्हणत त्यांनी एक बेडरूम माझ्यापुढे सरकवली.

मी दोन बोटं दारातून आत नेली. कपाटाशी थांबलो.

"ताई, पलंग असा ठेवला तर याचं दार उघडणार नाही."

त्यांनी नीट बघितलं, फोन लावला आणि माझ्याच हातात दिला.

"कोण बोलतंय?" तिकडून साहेब म्हणाले. मी ताईंकडे बघितलं.

"सांग की, ताईंकडे शिकतोय म्हणून!" ताई मागून ओरडल्या. "उद्यापासून संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसायचंय तुला."