पेडलं आणि पुढची ओळ

शर्मिला ओव्हाळला बेंचवर बसवलं तेव्हा तिचा मॅनेजर म्हणाला होता, "जरा आराम करा, मॅडम. नवं प्रोजेक्ट आलं की बोलावतोच." दोन हजार नऊ साल होतं. अमेरिकेत बँका बुडाल्या होत्या आणि तो धक्का हिंजवडीपर्यंत येऊन पोचला होता. बेंचवर बसायचं म्हणजे रोज सकाळी विश्रांतवाडीहून कंपनीची बस पकडायची, कार्ड दाखवून आत शिरायचं आणि दिवसभर कुणी काम सांगेल म्हणून वाट बघायची. पगार चालू, काम बंद. शर्मिलाच्या ओळखीत कुणाकुणाला हे सुख वाटत होतं. तिला मात्र आराम करणं ही गोष्ट मुळातच कधी जमली नव्हती.

तिचं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चुका शोधायच्या. नोकरीला लागल्यापासून तिनं दुसरं काही केलं नव्हतं, त्यामुळे शोधायला चुका उरल्या नाहीत तशी तिची नजर सैरभैर झाली. कॅन्टीनमधल्या कुठल्या टेबलाचा पाय डुगडुगतो, नोटीस बोर्डावर कुठे स्पेलिंग चुकलंय, लिफ्टचं दार कुठल्या मजल्यावर उघडायला वेळ लावतं, हे तिला पाठ झालं. घरी आली की तिचा सगळा जीव गिटारच्या पेडलांवर उतरायचा.

पेडलांचा नाद बेंचच्या आधीपासूनच होता. पहिल्या पगारातून तिनं इलेक्ट्रिक गिटार घेतली होती आणि कॅम्पात काही महिने क्लासही लावला होता. पुढे कामाच्या रेट्यात क्लास सुटला, गिटार राहिली. मग ऑफिसातला एक जण ऑनसाइटवरून, म्हणजे अमेरिकेतल्या कामावरून परतताना सगळ्यांना चॉकलेटं आणि तिला एक पेडल घेऊन आला. साबणाच्या डबीएवढी लोखंडी डबी. गिटारची वायर एका बाजूनं आत शिरते, दुसऱ्या बाजूनं निघून ॲम्प्लिफायरला जाते. पायानं खटका दाबला की आवाज जरासा फाटतो, कुणी घशाच्या शिरा ताणून गायल्यासारखा. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. शर्मिलानं तो खटका पहिल्यांदा दाबला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. आणि दुसऱ्याच दिवशी तिला वाटलं की आवाज बरा आहे, पण तो नाही.

'तो' म्हणजे कुठला, हे तिला सांगता आलं नसतं. पण तेव्हापासून ऑनसाइटवर जाणाऱ्या प्रत्येकाला ती गाठायला लागली. "मला चॉकलेट नको," असं सांगून पेडलाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायची. तिचा स्वतःचा व्हिसा मात्र एकदा नाकारला गेला होता आणि एकदा तिकीट निघायच्या आधीच प्रोजेक्ट गुंडाळलं गेलं होतं. दुनिया जाऊन येत होती, ती बसथांब्यावर.

महागड्या पेडलांकडे ती बघायचीसुद्धा नाही. महाग असेल ते चांगलं असणारच, त्यात शोधायचं काय, असं तिचं म्हणणं. तिला हवी असायची चिनी बनावटीची, कुणी नाव न ऐकलेली, हातात हलकी लागणारी. तसल्या एखाद्या हिरव्या डबीत अचानक सोनं सापडेल, अशी तिला आशा असायची. बेंचवर बसल्यापासून पेडलं इतकी झाली की दिवाणखान्यातल्या शोकेसमधले कप माळ्यावर गेले.

तिचा नवरा चेतन पाटबंधारे खात्यात होता. शांत माणूस. एका रविवारी तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "कालच्या पिवळीत आणि या हिरवीत फरक काय?"

"हिरवी मधले सूर पुढे ढकलते. पिवळी खालचे सूर घट्ट धरते, पण वरती किरकिरते."

"आमच्या खात्यात धरणाच्या फाइलीवर एवढे शेरे पडत नाहीत," असं म्हणून त्यानं पेपर पुन्हा उघडला.

तुलना करायची तर ती चोख हवी, हा शर्मिलाचा धंद्यातला संस्कार. वायर तीच, ॲम्प्लिफायर तोच, खोली तीच आणि वाजवायचंही तेच. प्रत्येक पेडलावर ती एकच छोटा तुकडा वाजवायची. तो तिला लहानपणापासून येत होता. तिचे वडील नागोराव खडकीला दारूगोळा कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी बोपोडीतल्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नात, बारशात. हा तुकडा त्यांचा. त्यांच्या मांडीवर बसून बेंजोची बटणं दाबत ती तो शिकली होती. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

तुलनांचे निकाल ती रेकॉर्डिंगसकट इंटरनेटवर गिटारवाल्यांच्या एका फोरमवर टाकायची. तिथलं नाव तिनं वाडीवरून घेतलं होतं, विश्रांत. त्यामुळे देशभरातले गिटारवाले तिला विश्रांत सर म्हणायचे. "सर, लहान खोलीसाठी कुठलं घेऊ?" "सर, तुमचा शब्द शेवटचा." ती कुणाला दुरुस्त करायला गेली नाही. दिवसभर ज्या बाईला कुणी काही विचारत नव्हतं, तिला रोज कुणी ना कुणी काहीतरी विचारत होतं, एवढं तिला पुरत होतं.

मग मार्चमध्ये फोरमवरच्या पुण्यातल्या मंडळींनी भेटायचं ठरवलं. बिबवेवाडीत राजस म्हणून एक इंजिनिअर होता, त्याच्या घरी. आपापली पेडलं घेऊन या, दिवसभर वाजवू. शर्मिलानं निवडक पेडलं पिशवीत भरली, गिटार पाठीला लावली आणि स्कूटरवरून निघाली.

राजसनं दार उघडलं आणि तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं. "विश्रांत सर गाडी लावताहेत का?"

"मीच विश्रांत. शर्मिला ओव्हाळ."

"अच्छा," राजस म्हणाला. मग दारातून बाजूला सरकत, "या ना, मॅडम. चपला राहू देत आत."

पहिली पाच मिनिटं अवघडलेली गेली. नंतर पेडलं जमिनीवर मांडली गेली आणि सगळे तिच्याभोवती बसले. ती एकेक पेडल जोडून तोच तुकडा वाजवायची, दोन शब्दांत त्याचा गुण-अवगुण सांगायची आणि सगळे माना डोलवायचे. बऱ्याच दिवसांनी तिला आपण कामाचे आहोत असं वाटत होतं. राजसची बायको स्पृहा शेजारच्या खोलीत शाळेचे पेपर तपासत बसली होती. दुपारी ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"मघापासून तुम्ही जे वाजवताय ना, ते छान आहे," ती शर्मिलाला म्हणाली. "पुढचं वाजवा की."

शर्मिलाचा हात तारांवरच थांबला. "पुढचं येत नाही मला."

"विसरलात?"

"नाही. एवढंच वाजवते मी."

स्पृहानं तिच्या हातात कप दिला. "म्हणजे इतके दिवस नुसती दाराची बेल तपासताय. दार उघडून आत कोण आहे ते बघितलंच नाहीत."

सगळे हसले. शर्मिलाही हसली. पण निघताना तिला पिशवी भरायलासुद्धा सुचेना, एक पेडल तिथंच राहिलं. स्वारगेटच्या सिग्नलला मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा तिला कळलं की दिवा केव्हाच हिरवा झालाय.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ती गिटार घेऊन बसायची, तुकडा संपायचा आणि तिची बोटं तिथंच अडखळायची. पुढे काय? काहीही वाजवलं तरी ते उपरं वाटायचं. तिनं चिडून कॅम्पातून आणखी एक पेडल आणलं, ते आवडलं नाही म्हणून दुसरं आणलं. ऑफिसात बसल्या बसल्या टेबलावर बोटं आपटायची. शेजारची मुलगी जागा बदलून दुसरीकडे जाऊन बसली. चेतननं भाजीत मीठ नाही म्हटलं तर ती म्हणाली, "मग घाल ना." एरवी ती असं बोलणारी नव्हती.

चेतननं मीठ घेतलं. जेवण झाल्यावर म्हणाला, "बाबांच्या पार्टीतलं कुणीतरी असेलच की. ते गाणं कुठलं, विचार जाऊन."

हे तिला सुचलंच नव्हतं. पार्टीत गाणाऱ्या चंद्रभागाबाई अजून बोपोडीत लेकाकडे राहत होत्या. शर्मिला गिटार, सेलवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर आणि त्यातल्या त्यात मनासारखं एक पेडल घेऊन त्यांच्याकडे गेली. बाई आता थकल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता.

"जयभीम, मावशी. ओळखलंत का?"

"नागोरावची शर्मी तू. कपाळ बापाचं हाय तुझं. बस."

शर्मिलानं तुकडा वाजवला आणि विचारलं, "हे कुठलं गाणं, मावशी? मला पुढचं हवंय."

चंद्रभागाबाईंनी दुसऱ्यांदा वाजवायला लावलं. मग त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अगं, हे गाणं नव्हतंच. पाहुणे कधी वेळेवर यायचे नाहीत. लोक उठून जाऊ नयेत म्हणून तुझा बाप हे वाजवत बसायचा. पाहुण्याची गाडी दिसली की तिथंच बंद."

"मग पुढे?"

"पुढं पाहुण्याचं भाषण."

चंद्रभागाबाई पेडलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि याच्यातून असा फाटका आवाज का काढतीस? मुद्दाम?"

"हो. चांगला वाटतो मला. बाबांचा असाच होता ना?"

"तो आमचा भोंगा फाटका होता, बाई. नागोराव किती चिडायचा त्याच्यावर. नवीन घ्या, नवीन घ्या म्हणून डोकं खायचा सगळ्यांचं. कुणी घेतला नाही."

हसावं की रडावं, शर्मिलाला कळेना. शोकेसभर डब्या जमवून ती ज्या आवाजाच्या मागे लागली होती, तो बाबांना नकोसा होता. आणि ज्या गाण्याचं पुढचं ती शोधत होती, त्याला पुढचं कधी नव्हतंच. तिला बाबांचा रागही आला. इतकी वर्षं वाजवलं, तर आणखी एक ओळ करायला काय झालं होतं?

निघताना चंद्रभागाबाई म्हणाल्या, "बुद्धपौर्णिमेला ये वाजवायला. पोरं कीबोर्ड आणतात, पण पाहुणे येईपर्यंत मोबाइल बघत बसतात."

शर्मिला हो म्हणाली आणि त्या दिवसापासून पुढची ओळ तिनं स्वतःच करायला घेतली. कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती मनातल्या मनात सूर जुळवायची, घरी आली की बूटही न काढता वाजवून बघायची. पहिली ओळ झाली, मग दुसरी झाली. ती तिनं तीनदा मोडली. तिसरी आपोआप आली. सवयीनं ती त्यांतल्या चुका शोधायची आणि चुका सापडायच्याच. या गडबडीत तिला नवं प्रोजेक्ट मिळाल्याची मेल आली, ती तिनं संध्याकाळी वाचली.

पौर्णिमेला बोपोडीच्या मैदानावर ऊन उतरल्यावर खुर्च्या भरल्या. शर्मिला स्टेजवर एका कडेला उभी राहिली. चेतन पुढच्या रांगेत, चंद्रभागाबाई त्याच्या शेजारी. पेडल लावायचं की नाही, हे तिचं शेवटपर्यंत ठरत नव्हतं. अखेर लावलं. बाबांना नसेल आवडत, पण तिला आवडत होतं.

तिनं बाबांचा तुकडा वाजवला. लोकांतले दोन-तीन म्हातारे एकदम ताठ बसले. मग ती आपल्या ओळीत शिरली. पहिली ओळ नीट गेली, आता दुसरीकडे वळणार एवढ्यात गेटपाशी गडबड झाली, गाडीचे दिवे दिसले आणि संयोजकांनी तिला हातानं थांबायची खूण केली. प्रमुख पाहुणे वेळेच्या आधी आले होते.

"असं कधी घडलं नव्हतं बघ," कार्यक्रमानंतर चंद्रभागाबाई म्हणाल्या. "पण ती मधली ओळ कुठून काढलीस?"

"केली मी."

"चांगली हाय. जरा लांबव."

स्कूटरवरून परतताना शर्मिलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. वाजवणं अर्ध्यात तुटलं होतं आणि उरलेल्या ओळी बोटांत नुसत्या शिवशिवत होत्या. आळंदी रस्त्याला तिनं चेतनला सांगितलं की पुढच्या वेळी पाहुण्यांना उशिराची वेळ कळवायला हवी. चेतन म्हणाला, "पत्र मी करतो तयार. खात्याचा अनुभव आहे."

नवं प्रोजेक्ट सुरू झालं. दिवसभर पुन्हा दुसऱ्यांच्या चुका, त्यामुळे कॅन्टीनची टेबलं सुटली. पेडलं घेणं सुटलं नाही, कमी झालं. जूनमध्ये तिनं फोरमवर एका निळ्या पेडलाचं रेकॉर्डिंग टाकलं. यात तुकड्यानंतर तिच्या तिन्ही ओळी होत्या आणि चौथीची सुरुवात. संध्याकाळपर्यंत कोइमतूरच्या एकाची तक्रार आली. सर, यावेळी तुम्ही भलतंच वाजवलंत. आता जुन्या पेडलांशी तुलना कशी करायची?

शर्मिलानं उत्तर लिहायला घेतलं. शोकेसमधली सगळी पेडलं आता नव्यानं रेकॉर्ड करावी लागणार, हे तिच्याही लक्षात आलं होतं. पण चौथी ओळ अजून बसत नव्हती. तिनं दोन शब्द टाइप केले, पुसले आणि गिटार मांडीवर ओढली.