न्यूएच्या वाळूत दोन डावे पाय

घराचा लोखंडी जिना, पाणी तापवायचा बंब, बायकोच्या शाळेची घंटा आणि प्रवाळावर चालायच्या चपला. एवढं मी स्वतःच्या हातांनी बनवलं. पहिल्या तिन्ही वस्तू सिल्वासात अजून चालू आहेत. ही गोष्ट चपलांची, आणि न्यूएला जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्या कामाची.

नव्वदच्या दशकात मेव्हणा ऑकलंडला होता. त्याने लिहिलं, ‘दाजी, पॅसिफिकमधलं न्यूए बघू. छोटंसं बेट, भोवती एकच रस्ता. पण तिथलं प्रवाळ ब्लेडसारखं कापतं. बूट इथे विकत घेऊ, पंचेचाळीस डॉलरला जोडी.’

विकत! मी फॅक्टरीतला फिटर, कोणाच्या हाताखाली न शिकलेला. भंगारातला कन्व्हेयरचा पट्टा आणला, नऊ मिलिमीटर जाड, एकाच बाजूला खाचा. पायाचा साचा काढला, खाचा खाली ठेवून दोन तळवे कापले, पट्टे शिवले. घालून एकच पाहिली. डावी.

बेटावर उतरून दुसरी घातली. तीही डावी. साचा उलटा करायचा राहिला होता! मेव्हण्याला दिसू नये म्हणून मी सगळ्यांच्या मागून चालू लागलो.

पहिल्या दिवशी माटापा. दोन उंच कड्यांच्या फटीत निळं पाणी. वर गोडं, थंडगार, खाली समुद्राचं कोमट. पोहायला याहून चांगली जागा मी पाहिली नाही. रविवारी मात्र पोहू नका, तिथल्या लोकांना ते खपत नाही.

“अहो, असे खेकड्यासारखे का चालताय?” हिने विचारलं.

“तोल सांभाळायची पद्धत आहे ती.”

दुसऱ्या दिवशी तालावा. गुहेतून वाकून जायचं, दोर धरून उतरायचं, की समोर दगडी कमानी. ओहोटीलाच जा. उजव्या पायाचा अंगठा पट्ट्याबाहेर आला होता. मी कमानींची उंची मोजतोय असं दाखवत बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी तोगो. गेस्ट हाउसच्या मालकीणबाई, साठीच्या, वाट दाखवायला आल्या. आधी जंगल, मग भाल्यांसारखे काळे सुळके, शेवटी लाकडी शिडी. खाली दरीच्या तळाशी पांढरी वाळू आणि नारळाची झाडं. समुद्राचा नुसता आवाज. मी सगळ्यांच्या पुढे धावलो.

तीच चूक. मागून मालकीणबाई वाळूतले ठसे बघून ओरडल्या, “इथून दोन माणसं लंगडी घालत गेलीत! दोघंही डाव्या पायावर!”

मेव्हणा वाळूत वाकला. “दाजी?”

“त्यांना नका छळू,” ही म्हणाली. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पहिलीच्या वर्गाला शिकवते मी. रोज चाळीस पोरांच्या चपला सरळ करते.”

मालकीणबाई हसून हसून वाळूतच बसल्या.

परतल्यावर फोटो धुऊन आणले, तर निम्मे काळे. माटापाचा गारवा अंगात राहिला, आणि सिल्वासातल्या आमच्या टोकरखाडा भागात आमचं नाव पडलं ‘डावे काका’. तरी नोंद असावी: तीन दिवसांत एक टाका उसवला नाही. मेव्हण्याच्या बुटाचा तळ तोगोतच सुटला.

निघताना मालकीणबाईंनी गेस्ट हाउसच्या भिंतीवर टांगायला एक चप्पल मागितली होती. “कुठलीही दे, दोन्ही सारख्याच आहेत.”

मी नाही म्हटलं. मी जोडी फोडत नाही. एका चपलेचे त्या साठ डॉलर देत होत्या.