गळ्यातली पाटी

आदिलाबादच्या आमच्या खाजगी इंग्रजी हायस्कुलात मराठी बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात दिवसभर लाकडी पाटी असे. मी हेडमास्तर, नियम माझाच.

गणिताचे सर जैनथ गावाहून बसने यायचे, वर्गात शिरतानाच थकलेले. इंग्रजीत गणित सांगून झालं की हळूच विचारत, "समजून राह्यलं का, बापाहो?"

एकदा एका मुलीने "नाई, सर" म्हटलं, तेव्हा मी दारात होतो. मी पाटी मागवली. सरांनी ती स्वतःच्या गळ्यात घातली.

"काढा," मी म्हणालो.

"काऊन, सर? पयले मीच बोललो ना."

संध्याकाळी ते पाटीसकट बसमध्ये चढले. नवी पाटी करवायची मला हिंमत झाली नाही.

पुढे ही शिक्षा बंद केल्याबद्दल माझा सत्कार झाला. सर मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होते.