परातीत कालवलेल्या गोळ्या

आमच्या गावातल्या निम्म्या माणसांनी जगात आल्याबरोबर पहिल्यांदा बघितला तो सरजाबाईचा हात. मीबी बघितला असणार. बोरीपासून दोन कोसावरच्या आमच्या गावात ती दाई होती. बाळंतपणाला तिचा हात कुणाच्याही घरात मनगटाच्या वर आतपर्यंत चालायचा, अन् बाळ रडलं की तिनं ओसरीखाली बसायचं, तिला चहा वरून ओतायचा. ह्या गणिताचं उत्तर मला अजून कुण्या मास्तरानं दिलेलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा बौद्धवाड्यातली काही घरं जळाली. सरजाबाईचं त्यातलंच. घरासोबत दाईपणाची पेटीबी गेली. नवव्या दिवशी त्याच घोळक्यात हिंडलेल्या एकाची बायको अडली. तो येऊन दारात उभा राहिला. म्हणजे दार जिथं होतं तिथं.

"मावशी, चला की."

"येते. पर ब्लेड, दोरा न् कातर नवी आण. माझी तुमीच जाळलाव."

त्यानं आणली. ती गेली. पोरगं झालं, लय आडदांड झालं. तेव्हापासून गावात एक गोष्ट पक्की झाली: सरजाबाई येते म्हणाली की येते, अन् हे खा म्हणाली की खायचं. तिची जबान म्हणजे सरकारी शिक्का. किंवा त्याहून बरी, कारण सरकारी शिक्क्यावर आमच्याकडं कुणी दवाई खात नाही.

तिचा नवरा सिताराम दवाखान्यात कंपाउंडर होता. पोरगा शुद्धोधन औरंगाबादला एम.एस्सी. झाला, अन् डिग्री पत्र्याच्या नळीत घालून बसला. विद्यापीठाचं नाव बदलल्याशिवाय भिंतीला लावायची नाही म्हणाला. त्र्याऐंशी साली दिल्लीनं आरोग्याचं नवं धोरण काढलं की दोन हजार सालापर्यंत समद्यांना आरोग्य मिळणार. सितारामनं ते पेपरात वाचलं अन् म्हणाला, "अजून सतरा वर्षं हायेत. तवर माझी दाढ उपटून घेतो."

पोरगा मात्र बापापेक्षा पुढचं बघायचा. धोरण आलं तशा पाहण्या आल्या, फॉर्म आले, मुंबईच्या औषध कंपन्यांचे लोक जिल्ह्यात फिरायला लागले. त्यांना दवाई खाऊन बघणारी माणसं पाहिजे होती, अन् ती माणसं मोजणारं कुणीतरी इमानदार. शहाऐंशीत म्हशीच्या गोठ्यावर बोर्ड लागला: 'सिताराम आरोग्य संशोधन'. शुद्धोधन लिहायचा, सिताराम वजन करायचा, सरजाबाई माणसं आणायची. पहिलं काम खरजेच्या मलमाचं. दुसरं जंताच्या दवाईचं. त्या दवाईचा निकाल मोजूनच द्यावा लागायचा. ते खातं सितारामकडं होतं, अन् तेवढे दोन महिने त्याचं जेवण तुटलं होतं.

अठ्ठ्याऐंशीत दवाई तपासण्याचे नवे नियम आले. आता कागदाचा ढीग, अन् दवाई द्यायच्या आधी प्रत्येकाचा अंगठा. पुढच्याच वर्षी रक्तवाढीच्या लोखंडाच्या गोळीचं काम मिळालं. एकशेवीस बाया, तीन महिने, रोज एक गोळी. हे आजवरचं सगळ्यात मोठं काम होतं. पार पडलं असतं तर परभणीत हापीस टाकायचं शुद्धोधननं ठरवलं होतं.

अंगठ्याच्या कागदावर एका ओळीत 'निष्क्रिय गुटिका' असं लिहिलं होतं. सरजाबाईला जुळवून वाचता यायचं.

"हे काय रे?"

"हलकी गोळी असती, माय."

एवढ्यावर ती घरोघर गेली. "ही दवाई हाय. रक्त वाढंल. लाव अंगठा." एकशेवीस अंगठे दोन दिवसात लागले. तानुबाई पाटलिणीच्या घरी दोन सुना, चतुराबाई अन् कमलबाई. दोघींनी लावले. तानुबाईनं दोघींच्या बाटल्या पदरात झेलल्या. वरून, रिवाजाप्रमाणं.

खरी गोष्ट अशी होती की साठ बाटल्यांत लोखंड होतं अन् साठ बाटल्यांत नुसतं पीठ. रंग एक, आकार एक. कुणाला काय गेलं हे ना सितारामला मालूम, ना शुद्धोधनला. ती यादी मुंबईच्या कपाटात लाखेचा शिक्का मारून बंद होती.

आता आमची गोदरी सांगतो. गावाच्या खालच्या अंगाला बाभळीची दाटी, तिथं उजाडायच्या आत बाया परसाकडं जातात. ओळीनं बसतात, अन् गावातली एक गोष्ट शिल्लक ठेवत नाहीत. तिथं पाचव्या दिवशी चतुराबाई म्हणाली, "काय की बाई, मला कोळशावाणी काळं व्हायलंय."

"मलाबी!" पलीकडून आवाज आला.

"मला तर न्हाई," कमलबाई म्हणाली.

लोखंडानं काळं होतं, हे सितारामला पाठ होतं. पण बायांची असेंब्ली रोज भरते अन् रोज निकाल तपासते, हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना मुंबईच्या. आठ दिवसांत काळ्या कोण अन् पिवळ्या कोण, अख्खी यादी तयार झाली. मुंबईनं लाखेत बंद केलेलं गुपित आमच्या बायांनी बसल्या बसल्या फोडलं.

कमलबाई सरळ गोठ्यावर आली. "मावशी, जाऊबाईला दवाई न् मला काय दिलाव? माझं रक्त काय रस्त्यावरलं हाय?"

सरजाबाईला काही कळेना. तिनं पोराला धरलं. त्यानं खाली मान घालून सांगितलं, "माय, ते मुद्दामच असतंय. निम्म्यांना दवाई, निम्म्यांना पीठ. तवाच कळतंय दवाई लागू पडती का न्हाई."

"मग मला काऊन न्हाई सांगितलास?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई म्हणून," सिताराम पेपराआडून बोलला.

"तुमी गप बसा, जंत मोजणारे!" सरजाबाई म्हणाली. "अंगठे म्या घेतलेत. रक्त वाढंल म्हणून म्या सांगितलं. जाळपोळीत समदं गेलं तरी माझी जबान राहिल्ती. ती तुमी पिठात घातलाव."

इकडं तानुबाईनं न्याय करून टाकला. त्या घरात लुगडं आलं तर दोघीला, शिव्या बसल्या तरी दोघीला. तिनं परात घेतली, दोन्ही बाटल्या ओतल्या, कणीक कालवावी तशा गोळ्या कालवल्या अन् मोजून परत भरल्या. "घ्या. आता कुणी कुणाला तोंड वर करून बोलायचं न्हाई." ही बातमी कुठं पोचली असेल ते सांगायला नको. पंधरा दिवसांत गावातल्या घरोघरच्या पराती कामाला लागल्या. जिच्या घरी जाऊ नव्हती तिनं शेजारीण गाठली.

सरजाबाईला हेबी कळलं. तिनं पोराला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"माय, मुंबईला बोलू नको. गोळ्या कालवल्या म्हणून कळलं की बोर्ड उतरवावा लागंल. पुन्हा कुणी काम देणार न्हाई."

"न् बायांना काय सांगू?"



तीन महिन्यांनी मुंबईची डॉक्टरीण आली. बाटल्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. एकशेवीसच्या एकशेवीस चोख! "असा हिशोब आमच्या मोठ्या दवाखान्यातही लागत नाही," ती म्हणाली. शुद्धोधनला घाम फुटला. मग तिनं यादी उघडली, रक्ताचे आकडे शेजारी मांडले, अन् कपाळाला हात लावला. साठ अन् साठ, दोन्हीकडं रक्त सारखंच वाढलेलं.

"म्हणजे आमचं लोखंड पिठाएवढंच. ही गोळी बाद करावी लागेल."

शुद्धोधननं आईकडं बघितलं. सरजाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"बाई, गोळी गुणाची हाय. बायांनी परातीत कालवली."

"परातीत?"

तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरणीनं चष्मा काढला. "पण कुणाची गोळी खरी हे त्यांना कळलं कसं?"

सिताराम आढ्याकडं बघायला लागला. शुद्धोधन बाहेर म्हशीला पाणी दाखवायला गेला, तिला तहान नव्हती.

"ते इथं सांगण्यासारखं न्हाई," सरजाबाई म्हणाली. "सकाळी चला माझ्यासंगं. डबा मी देते."

गेली की बाई! नाकाला रुमाल लावून गेली, पण गेली. अंधारात तानुबाईचा आवाज आला, "सरका गं, मुंबईला जागा द्या." परत आली तेव्हा अर्धी वही भरलेली होती अन् हसून हसून डोळे लाल झालेले होते.

हसली तरी काम रद्दच झालं. जाताना सरजाबाई गाडीला आडवी झाली. "माझ्या बायांना खरी गोळी पाहिजे. एकशेवीसलाबी."

"तसा नियम नाही, बाई."

"नियम तुमचा आसंल. अंगठा माझ्या हातानं लागलाय."

डॉक्टरीण गाडीत बसून गेली. महिन्यानं खोके आले, खऱ्या गोळ्यांचे. सरजाबाई घरोघर फिरली अन् प्रत्येकीला म्हणाली, "पहिल्या बारीला म्या खोटं बोलले. मला मालूम नव्हतं, पर बोलले." दोघीचौघींनी तिला शिव्या दिल्या. तिनं ऐकून घेतल्या अन् गोळ्या मोजून दिल्या.

बोर्ड चारेक वर्षं नुसता लटकला. त्यावर चिमण्यांनी घरं केली. मग त्र्याण्णवच्या दिवाळीपुढं मुंबईहून पत्र आलं: तीच गोळी, नव्यानं तपासायची. ह्या बारीला पिठात कोळशाची भुकटी घातलीय, म्हणजे काळं समद्यांनाच. गोळी वाटणारीनं डोळ्यादेखत गिळवायची. अन् काम त्याच घरानं करायचं, कारण खोटा निकाल चोख हिशोबात झाकून पाठवायची संधी असताना पाठवला नाही असं घर डॉक्टरणीला दुसरं सापडलं नव्हतं.

अंगठ्याचा कागद आता सरजाबाईनं सांगितला अन् शुद्धोधननं तसाच लिहिला: 'निम्म्यांना दवाई, निम्म्यांना कोळसा. कुणाला काय ते मलाबी मालूम न्हाई. कालवायचं न्हाई. शेवटी समद्यांना खरी.'

"शेवटी सारखी वाटणी ना?" तानुबाईनं विचारलं. ह्या बारीला म्हाताऱ्याबी घेतल्या होत्या.

"सारखी. माझी जबान."

तानुबाईनं अंगठा लावला.

जानेवारीत काम चालू झालं, अन् त्याच महिन्यात विद्यापीठाचं नाव बदललं. शुद्धोधननं नळीतून डिग्री काढली, पेढे वाटले, मग बघितलं तर कागदावर जुनंच नाव छापलेलं. परत नळीत घातली.

गोळ्या वाटायच्या पहिल्या सकाळी सरजाबाई पाटलाच्या ओसरीवर गेली. तानुबाईनं तळहात खाली धरला. "टाक वरून."

सरजाबाईनं टाकली. गोळी हाताच्या बाजूनं फरशीवर पडली अन् घरंगळत कोंबडीपुढं गेली.

"वाया," सरजाबाई म्हणाली अन् वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशीबी गोळी पडली. "वाया. तिसरी पडली की नाव कट, नियम हाय. शेवटची वाटणीबी न्हाई."

"अगं, नीट नेम धर की!"

"माझं वय झालंय, पाटलीणबाई. एवढ्या वरून न्हाई जमत."

तिसऱ्या दिवशी चतुराबाई अन् कमलबाई दाराआडून बघत होत्या. तानुबाईनं हात पुढं केला, थोडा वर घेतला, थांबली, सरजाबाईच्या हातातल्या गोळीकडं बघितलं, अन् अजून वर घेतला. बोटाला बोट लागलं. गोळी तळहातावर बसली.

"गिळा," सरजाबाई म्हणाली, "अन् जीभ दाखवा."

तानुबाईनं जीभ दाखवली. जरा जास्तच दाखवली.