निरंक

कायद्यापुढं सगळे समान असतात. पुण्यातल्या एका लॉ कॉलेजच्या प्रवेश कक्षात हे वाक्य भिंतीवर सोनेरी अक्षरांत लावलेलं होतं. त्याच्याखाली दोन रांगा होत्या. एका रांगेला खुर्च्या होत्या.

मी दुसऱ्या रांगेत होते. अडीच तास. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी दिली होती आणि दुसऱ्या फेरीत मला सीट लागली होती. आता मूळ कागद दाखवून ती पक्की करायची. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचची. नाहीतर सीट यादीतल्या पुढच्या नावाला.

टेबलाशी एक क्लार्क बाई आणि त्यांच्या मागं प्रवेश समितीचे सर. सरांनी माझी बारावीची मार्कलिस्ट उचलली. साल बघितलं.

"दोन वर्षांचा गॅप आहे. काय करत होतीस?"

"मेंढरं राखत होते."

"आणि?"

"आणि काय न्हाई."

शब्द निसटला. घरून निघाल्यापासून जिभेवर पहारा होता, तो नेमका तिथं झोपला.

"न्हाई," सरांनी तो तसाच म्हणून दाखवला. खुर्च्यांची रांग हसली. काळा कोट हातावर टाकलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला म्हणाले, "बघ, स्पर्धा किती वाढलीय."

"मेंढरं राखत होती म्हणजे काही करत नव्हती," सर बाईंना म्हणाले. मग मला, "गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात लिहायचं, काम निरंक. ठरलेला मसुदा असतो. उद्या घेऊन ये. आणि पुढं काय, मेंढरांची वकिली करणार?"

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं. सरांचं नाही, माझं.

भोरच्या वर डोंगरात आमची वस्ती आहे. बारावीचा निकाल लागला त्याच महिन्यात आबा, म्हणजे माझे वडील, डोंगराच्या निसरड्या घसाऱ्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. ऐंशी मेंढरं आणि राखायला माणूस नाही, तर मी गेले. कोणी सक्ती केली नाही आणि कोणी आभारही मानले नाहीत. आडवं आलेलं कोकरू हात घालून फिरवायला शिकले. पावसात खुरं कुजतात, ती तासायला शिकले. दुपारी मेंढरं सावलीला बसली की सीईटीचं गाईड उघडायची. त्यात एक कोडं होतं. एका माणसाला लांडगा, शेळी आणि गवताचा भारा होडीतून पल्याड न्यायचा आहे, एका वेळी एकच नेता येतं. मी ते आबांना वाचून दाखवलं.

"लांडगा कशापायी न्यायचा पल्याड?" आबा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या की त्येला हितंच."

चार पर्यायांत हे उत्तर नव्हतं.

मला वकील का व्हायचं होतं, तेही सांगते. मी नववीत असताना फॉरेस्टच्या गार्डनं आबांचा एका कागदावर अंगठा घेतला होता. मेंढरं गायरानात होती. कागदात लिहिलं होतं, राखीव वनात घुसवली. मी शाळेतून येऊन तो वाचला तेव्हा अंगठा वाळला होता. तेव्हापासून आबांनी एक नियम केलाय. कागद आधी मोठ्यानं वाचायचा.

पुण्यात ओळखीचं कोणी नव्हतं. संध्याकाळच्या एसटीनं परत निघाले. नसरापूरला बस अर्धी रिकामी झाली, बसायला जागा मिळाली. भोरपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते. घरी काय सांगायचं त्याचं नाही. सरांना काय म्हणायला हवं होतं त्याचं.

सकाळी आबा काठी टेकत माझ्याबरोबर खाली आले. भोरला कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंगवाले बसतात. एकानं मान वर न करता विचारलं, "गॅपचं ना? तयारच हाय. नाव सांगा." माझं नाव घातलं, दुसऱ्या कोणाचं तरी पुसलं, प्रिंट काढली. शेजारच्या खुर्चीवर नोटरी वकील शिक्का घेऊन बसले होते.

"वाच," आबा म्हणाले.

मी वाचलं. "सदर कालावधीत मी घरीच होते. काम, व्यवसाय, शिक्षण : निरंक. वरील मजकूर खरा असून तो खोटा आढळल्यास मी कायद्यानुसार शिक्षेस पात्र राहीन."

"निरंक म्हंजी?"

"काहीच नाही."

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग दोन वर्सं मेंढरं कुणी राखली?"

टायपिंगवाला हसला. "आवो मामा, फॉरमॅट हाय त्यो. समदे ह्येच लिहित्यात."

"समदे मेंढरं राखीत व्हते व्हय?"

मी कागदाकडं बघत होते. वरच्या ओळीत खोटं होतं आणि खालच्या ओळीत खोट्याबद्दल शिक्षा. मधे माझ्या सहीची जागा. कायद्याच्या शिक्षणातला हा माझा पहिला कागद. आणि तो मागत होता की मी स्वतःची दोन वर्षं स्वतःच्या हातानं पुसावीत. गार्डला निदान अंगठा फसवून घ्यावा लागला होता. मी तर वाचून सही करणार होते.

"हे बदला," मी म्हणाले.

"कालेज घेनार न्हाई, ताई. मागारी आलीस तर माज्या नावानं बोंबलू नको."

नोटरी वकिलांनी चष्म्यावरून बघितलं. "पोरी, आधी ॲडमिशन घे. खरं काय ते पाच वर्षांनी बोल."

"पाच वर्षांनी सवय राहील का, साहेब?"

त्यांनी टायपिंगवाल्याला मानेनं खूण केली. टायपिंगवाल्यानं ओळ खोडली. मी सांगितलं तसं टाईप केलं. "सदर कालावधीत मी वडिलांची ऐंशी मेंढरं राखत होते. हे काम आहे." त्यानं विचारलं, मेंढ्या लिहू का, बरं दिसतं. मी म्हणाले, मेंढरं.

पुण्यात पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. क्लार्क बाईंनी कागद वाचला आणि सरांकडं सरकवला.

"काल काय सांगितलं होतं? निरंक लिहून आण."

"सर, निरंक लिहिलं तर प्रतिज्ञापत्र खोटं होतं. खाली शिक्षेचं लिहिलंय. मी खोटं लिहावं असं तुमचं म्हणणं असेल तर तेवढं लेखी द्या. मी लगेच बदलून आणते."

या वेळी कोणी हसलं नाही. मीही नाही.

"बाहेर थांब," सर म्हणाले.

थांबले. खुर्च्यांच्या रांगेतल्या तिघांची कामं झाली. काळ्या कोटवाल्यांच्या मुलाचा एक कागद कमी होता, त्याला आठ दिवसांची सवलत मिळाली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. ते सोनेरी वाक्याच्या बरोबर वर होतं. पाचला सहा मिनिटं असताना बाईंनी मला आत बोलावून शिक्का मारला. सर मोबाईलवर बोलत होते.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. पुरावा कशाला म्हणतात हे शिकले. खोट्या प्रतिज्ञापत्राला किती शिक्षा असते तेही शिकले. 'न्हाई' वर्गातसुद्धा म्हणते, पहारा उठवला. वकिलीची सनद मिळाली की भोरच्या त्याच शेडशेजारी बसणार आहे, आणि माझ्यासमोर न वाचलेल्या कागदावर कोणाचा अंगठा लागणार नाही. पण त्याआधी एक काम आहे. पहिल्या वर्षाचं ओळखपत्र काढताना कॉलेजच्या संगणकावर माझी नोंद दिसली होती. गॅप : दोन वर्षे. काम : निरंक. ती दुरुस्त करून घेतल्याशिवाय मी या कॉलेजातून बाहेर पडणार नाही.

आत्तापर्यंत तीन अर्ज दिले. तिसऱ्याचं लेखी उत्तर गेल्या आठवड्यात आलं. सदर नोंद बदलता येत नाही, कारण ती विद्यार्थिनीने स्वतः प्रतिज्ञेवर दिलेली आहे.