फ्लॉपीवरची टिकली

परवा बारामतीत पेन ड्राइव्ह घ्यायला गेलो. स्वस्तातला हवा होता, पण बाजूला खटका असलेला. खटका सरकवला की आतल्या फाइली पुसता येत नाहीत, व्हायरसही शिरत नाही. दुकानदार म्हणाला, "काका, तसले आता कोण ठेवतंय? मागवावा लागंल, अन् महाग पडंल." इंदापूरच्या एसटीत बसलो आणि बायकोच्या टिकल्या आठवल्या.

नव्वदच्या दशकात, लग्नानंतर लगेचच, मी इंदापुरात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका टाइप करून द्यायचं दुकान टाकलं होतं. मशीनमध्ये मराठी अक्षरं भरायची एकच मूळ फ्लॉपी होती, तीही पुण्याहून मिनतवारीनं आणलेली. त्या मोठ्या, लवचिक फ्लॉपीच्या कडेला एक खाच असायची. खाच झाकली की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नसे. झाकायला चिकटपट्ट्या मिळायच्या त्या पाकिटातल्या महागड्या फ्लॉप्यांबरोबर. मी घ्यायचो सुट्या. साधी चिकटपट्टी लावून पाहिली, तर तिच्यातून उजेड जायचा आणि मशीनला खाच उघडीच दिसायची. तेव्हा मला बायकोची मखमली टिकली सापडली. मोठी, काळपट लाल, नेमकी खाचेएवढी.

विचारून घ्यायला हवी होती. मी न विचारता घेतली, मग इतर फ्लॉप्यांसाठीही घेत गेलो. ती मोठ्या टिकल्या शोधायला लागली तेव्हा म्हणालो, "उंदरानं नेल्या असतील." शेळगावला बहिणीच्या हळदीकुंकवाला ती बारीक टिकली लावून गेली. मी पाहिलं आणि तिला एसटीची वेळ सांगितली.

ऐन मे महिन्यात कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला आणि मशीनमधली सगळी अक्षरं गेली. समोर एक तात्या मुलाच्या पत्रिकेसाठी बसलेले. मी मूळ फ्लॉपी आत घातली. मशीननं नुसती घरघर केली. बाहेर काढली तर खाच उघडी! उन्हानं डिंक सुटून टिकली आतच राहिली होती. आधी सुटली असेल तर व्हायरस फ्लॉपीतही गेला, म्हणजे दुकान बंद.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. टेबलावरच्या फ्लॉप्या तिनं पाहिल्या.

"हितं हायत व्हय माझ्या टिकल्या? उंदीर लईच शिकलेला दिसतोय."

तात्या म्हणाले, "सूनबाई, मशीनला कुंकू लावून झालं. आता पत्रिका निघतीय का बघा."

तिनं केसातला आकडा काढला, वाकून मशीनमधली टिकली अलगद ओढून काढली. मग स्वतःच्या कपाळावरची काढून फ्लॉपीच्या खाचेवर दाबून बसवली. "आता घाला."

मशीनमधला व्हायरस जागा होऊ नये म्हणून मी मशीन दुसऱ्या, स्वच्छ फ्लॉपीनं चालू केलं आणि मग मूळ फ्लॉपी घातली. पडद्यावर हळूहळू "श्री गणेश प्रसन्न" उमटलं. तात्यांनी हात जोडले. मला तिच्याकडं बघवेना; मोकळ्या कपाळानं ती डबा उघडत होती.

त्या रात्री उंदराचं खोटं कबूल केलं. "मला पहिल्या दिवशीच कळलं हुतं," ती म्हणाली, "उंदीर पाकीट नेईल, नुसत्या मोठ्याच टिकल्या निवडून कसा नेईल?"

पुढच्या बारामतीच्या फेरीत टिकल्यांची दोन पाकिटं आणली. तिनं एक माझ्या हातात दिलं. "हे मशीनचं. उन्हाळ्यात रोज बदलत जावा. अन् माझ्या पाकिटाला हात लावायचा न्हाय."



आजही ती आरशापुढं पाकीट उघडते, तेव्हा मी नकळत दुसरीकडं बघतो.