तो ‘येतो’ बाईंचा आहे

मुंबईच्या एका डबिंग कंपनीनं मूर्तिजापूरच्या बाईंना फसवलं. शब्द बाईंचे, नाव दुसऱ्याचं. बोलणी मीच केली होती, म्हणून मीच सांगतो.

बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, पोरांना वऱ्हाडीत गोष्टी सांगणाऱ्या. अकोल्यातला माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ मी निवडणूक प्रचाराच्या रिक्षांसाठी घोषणा रेकॉर्ड करत, घसा फोडून उभा केला. कंपनीनं एक जपानी अ‍ॅनिमेशन मालिका वऱ्हाडीत करायला दिली, तेव्हा संवाद लिहायला मी बाईंना बोलावलं.

भाषांतराचा कागद हातात आला की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "हा जेवला का?"

"बाई, तो अवकाशयानात आहे."

"मंग? तिथं भूक नाई लागत?"

इंजिनाची पानभर माहिती त्या दोन ओळींत उरकायच्या. "मशीन दिसून राह्यलं ना डोयानं. त्याच्या मायले काय वाटून राह्यलं, ते सांगा."

शेवटच्या भागात तरुण वैमानिक परतीचा रस्ता नसलेल्या मोहिमेवर निघतो. कंपनीच्या कागदावर होतं, ‘आई, मी जातो.’ बाईंनी पेन खाली ठेवलं.

"घरून निंगताना जातो म्हणते का कोणी?"

त्यांनी लिहिलं, ‘येतो वं माय.’

कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "पण तो परत येणार नाहीये."

"त्याले माईत आहे. मायलेही माईत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तो म्हणते."

मी साहेबांशी तासभर भांडलो. शब्द राहिला.

मालिका आली आणि चांदूर रेल्वे गावाहून एका आईचा स्टुडिओत फोन आला. "माहं पोरगं फौजेत आहे. निंगताना असंच म्हणे." बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "जेवते ना तो येळेवर?"

करारात मी कामाच्या दिवसांसाठी भांडलो, दुरुस्त्या किती वेळा करायच्या त्यासाठी भांडलो. बाईंच्या नावासाठी मात्र साहेबांच्या तोंडी शब्दावर विसंबलो. मालिकेच्या शेवटी लेखक म्हणून कंपनीतल्याच एकाचं नाव आलं. मी पेटलो. बाईंनी चष्मा खाली ओढून ते नाव वाचलं.

"त्या माउलीले समजलं ना भाऊ. झालं."

जिन्यावरून, वऱ्हाडातल्या बायाही म्हणतात तसं, म्हणाल्या, "येतो."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई गेल्या.

माझं झालेलं नाही. ज्यांचं नाव तिथं आहे, त्यांनी अकोल्याला यावं, माझ्या माइकसमोर बसावं, आणि परत न येणारं पोरगं मायला ‘येतो’ का म्हणतं, ते सांगावं. नाही सांगता आलं, तर साहेब, बाईंचं नाव अजून का लागलं नाही, याचं उत्तर तुम्ही द्या.